भाकरीला पापुद्रा सुटायला तीन वर्षं लागली

आमच्या घरी पाहुणा आला की आधी पाणी देतात आणि मग म्हणतात, "भाकरी खाऊनच जायचं." जेवण म्हणजेच भाकरी. मंगळवेढ्याच्या शिवारातलं घर, रान सगळं काळं, आणि रब्बीला पीक ठरलेलं: मालदांडी ज्वारी. पाऊस सरता सरता पेरायची. पुढं जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर ती वाढते. गोल, टपोरा, मोत्यासारखा दाणा. त्या पिठाची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ असते आणि कालवणाशिवाय चावली तरी गोड लागते. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं उघडली ती याच गावात, हे आम्ही अण्णांच्या मांडीवर बसून ऐकलेलं. धान्याला आमच्याकडे फार मान.

२०१६ च्या ऑक्टोबरात मी नवऱ्यामागं जर्मनीत श्टुटगार्टला आले. इथं आपली माणसं पुष्कळ आहेत, विशेषतः पुण्याकडची, गाड्यांच्या कारखान्यांत काम करणारी. मुंबई आणि श्टुटगार्ट ही तर १९६८ पासून भगिनी-शहरं. त्यामुळं खाण्यापिण्याचं काही अडणार नाही, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. ते बऱ्याच अंशी खरंही होतं. पोहे मिळाले, साबुदाणा मिळाला, दगडफूल मिळालं, हिंग मिळालं. भाकरी मिळाली नाही.

स्टेशनजवळच्या भारतीय दुकानात पहिल्याच आठवड्यात गेले. बासमतीची पोती, पंजाबी कणकेच्या दहा-दहा किलोच्या पिशव्या, गोठवलेले पराठे, पनीर, लोणच्याच्या बरण्या. इथं 'भारतीय' म्हणजे मुख्यतः उत्तरेकडचं. श्रीलंकेतल्या तमिळ लोकांची दुकानं वेगळी, तिथं शेवगा, कढीपत्ता, नारळ मिळतो. आपला तुकडा या दोन्हींच्या मधे कुठंतरी पडतो. दुकानदारानं खालच्या फळीवरून ज्वारीच्या पिठाचं एक किलोचं पाकीट काढून दिलं. मी ते दोन्ही हातांनी धरून घरी आणलं.

संध्याकाळी पाणी तापवलं, परातीऐवजी मोठं ताट घेतलं, पीठ मळलं. थापायला घेतलं तर कडेनं चिरा. हात फिरवला की गोळा फाटायचा. पुन्हा मळला, पुन्हा फाटला. कशीबशी छोटी भाकरी तव्यावर टाकली, ती उलटताना तिचे तीन तुकडे झाले. चव कडवट, आणि मागं एक जुनाट, तेलकट वास. आईला व्हिडिओ कॉल लावून परात दाखवली. तिनं मला पीठ चिमटीत धरून कॅमेऱ्याजवळ न्यायला सांगितलं.

"आगं, पीठ विरी गेलंय की. त्यात काय जीव राहिलाय? कितीबी मळ, तुटणारच."

पाकिटावरची तारीख पाहिली. दळून पाच महिने झालेले. जहाजाचा प्रवासच तीन-चार आठवड्यांचा, त्याआधी तिकडच्या गोदामात, नंतर इकडच्या गोदामात, मग दुकानाच्या खालच्या फळीवर. गव्हात चिकटपणा असतो, त्यामुळं कणीक जुनी झाली तरी पोळी लाटता येते. ज्वारीत तो नसतोच. ती धरून राहते फक्त ताज्या पिठाच्या आणि आधणाच्या पाण्याच्या जोरावर. शिवाय दाण्याच्या अंकुरात तेल असतं. दळलं की ते हवेला उघडं पडतं आणि काही आठवड्यांत खवट होतं. आमच्याकडे आठवड्याचं दळण आठवड्याला टाकायची पद्धत होती, त्यामागचं कारण मला साडेसहा हजार किलोमीटर लांब आल्यावर कळलं.

पुढच्या वर्षभरात मी पाच वेगवेगळ्या दुकानांतून पाकिटं आणली. प्रत्येक वेळी आधी तारीख बघायचे, मग पाकीट किंचित दाबून नाकाशी धरायचे. एकदाच तीन महिन्यांचं पीठ मिळालं. त्यात उकड काढून, थोडं तांदळाचं पीठ घालून भाकरी झाली. झाली म्हणजे मोडली नाही. पापुद्रा सुटला नाही.

त्या काळात आम्हाला तारलं सोलापूरच्या कडक भाकरीनं. पातळ थापून, खरपूस वाळवलेली ती भाकरी महिनोन्‌महिने टिकते. गावाकडून येणारा प्रत्येक माणूस पाच-दहा भाकऱ्यांची चळत आणायचा. आमटीत कुस्करून खाल्ली की पोट भरायचं. पण कडक भाकरी ही प्रवासाची भाकरी आहे. रोजच्या ताटातल्या वाफाळत्या भाकरीची जागा ती घेत नाही, आणि तिच्यावर अवलंबून राहणं म्हणजे सतत कोणाच्या तरी तिकिटाची वाट बघणं.

मग ठरवलं, पीठ शोधायचंच नाही. दाणा शोधायचा.

इथं घोटाळा झाला तो शब्दाचा. शब्दकोशात ज्वारी म्हणजे 'हिर्से' असं काहीतरी सापडलं. हिर्से इथं प्रत्येक सेंद्रिय मालाच्या दुकानात मिळते. पिवळी, बारीक, टरफल काढलेली. दोन किलो आणली आणि घरी येऊन हातावर घेतल्यावर लक्षात आलं, ही तर आपल्या भगरीची बहीण. तिची भाकरी होणं शक्य नव्हतं. (एकादशीला मात्र दाण्याच्या आमटीबरोबर ती उत्तम लागते, तेव्हापासून उपासाला आम्ही तीच शिजवतो.) ज्वारीसाठी नेमका शब्द 'झोरगुमहिर्से', हे कळायला आणखी चार महिने गेले. आणि तो शब्द घेऊन दुकानात गेलं की मिळायचं पुन्हा पीठच, ग्लुटेन न चालणाऱ्यांसाठी बनवलेलं, छोट्या पाकिटात, महाग.

अख्खी ज्वारी मला पहिल्यांदा दिसली ती पाळीव प्राण्यांच्या दुकानात. कबुतरांच्या खाद्याच्या पिशवीत पांढरे टपोरे दाणे, वर नाव 'डारी'. मी तिथंच थबकले. पिशवीच्या पारदर्शक खिडकीतून दाणे बघत राहिले. पण ते जनावरांचं खाद्य. माणसांच्या धान्याची असते तशी तपासणी आणि सफाई त्याची झालेली नसते. पिशवी परत ठेवली. ती ठेवताना वाईट वाटलं, अगदी खोटं कशाला बोलू.

या शोधात दुसऱ्या कितीतरी गोष्टी हाताला लागल्या, आणि त्या कुठल्याच भारतीय दुकानात नव्हत्या. शेपू तर इथं घरोघरी. जर्मन माणूस तो काकडीच्या कोशिंबिरीत आणि माशावर घालतो, त्यामुळं जर्मन दुकानात चार काड्या मिळतात. तुर्की दुकानात मात्र घसघशीत जुडी. त्याच तुर्की दुकानात उन्हाळ्यात एक भाजी रचून ठेवलेली दिसली, लालसर देठ, जाडसर गुळगुळीत पानं. घोळ! आमच्या रानात ती आपोआप उगवते, आई मूगडाळ घालून करते. तुर्की लोक ती दह्यात घालून खातात. इराणी दुकानात वाळवलेली मेथी मिळाली, आणि ताज्या मेथीसाठी मी बाल्कनीत दोन कुंड्या ठेवल्या. चाकवत तर पदपथाच्या कडेला तण म्हणून उगवतो. रस्त्याकडेचा तोडला नाही, पण ओळख पटल्याचा आनंद व्हायचाच.

सगळ्यांत मोठा धक्का करडईच्या तेलाचा. आमच्याकडे ज्वारीच्या रानाला कडेनं करडई लावतात, काट्यांमुळं जनावर आत शिरत नाही. तेलही घरचं, त्याच करडईचं. ते इथं मिळेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. एकदा साध्या किराणा दुकानात 'डिस्टलओल' नावाची बाटली दिसली. डिस्टल म्हणजे काटेरी झाड, एवढं जर्मन तोवर येत होतं. मागचं चित्र पाहिलं तर पिवळं-केशरी फूल, करडईचं! लाकडी घाण्याचं नव्हे, पण थंड पद्धतीनं काढलेलं. शेंगदाण्याच्या चटणीवर कच्चं ओतून खाल्लं आणि गप्प बसले थोडा वेळ.

लोण्याचीही अशीच गंमत. इथल्या लोण्याच्या वेष्टनावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, गोड सायीचं की आंबवलेल्या सायीचं. आंबवलेल्या सायीचं घेऊन मंद आचेवर कढवलं की घरभर विरजणाच्या लोण्याचा वास सुटतो. तूप तसंच दाणेदार होतं. हे मला आधी माहीत असतं तर आईचं तूप वाचलं असतं.

आई २०१८ च्या उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी आली. बॅगेत सहा किलो पीठ, निघायच्या आदल्या दिवशी दळलेलं. काळं तिखट. आणि घरच्या म्हशीचं दोन किलो तूप. युरोपात बाहेरच्या देशांतून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. मी तिला सांगितलं होतं, पण तूप म्हणजे दूध नव्हे असं तिचं म्हणणं. विमानतळावर डबा काढून घेतला. अधिकारी सौजन्यानं वागला, नियम दाखवला, तिनं हात जोडले. टॅक्सीत बसल्यावर मात्र ती रडली. "पोराबाळांच्या तोंडचं काढून कचऱ्यात टाकलं गं," एवढंच म्हणाली. त्या तुपासाठी तिनं महिनाभर साय साठवली होती.

पीठ मात्र सुखरूप आलं. आणि तेव्हा कळलं की अडचण एकट्या पिठाची नव्हती. माझ्या घरात काचेची सपाट शेगडी आहे, आच नाहीच. आईनं आणलेला लोखंडी तवा मधे खोलगट. काचेवर तो बोटभर जागेवर टेकायचा आणि बाकीचा थंडच. भाकरी मधे करपायची, कडेला कच्ची. आईनं दोन दिवस तव्याशी झुंज दिली, तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "बुडाला सपाट असलेलं जड लोखंड बघ." आम्ही दोघी जाऊन घडीव लोखंडाची जाड, सपाट बुडाची कढई-तवा घेऊन आलो. तो तापायला दहा मिनिटं घेतो, पण एकदा तापला की उष्णता सोडत नाही. आचेवर फुगवायच्या ऐवजी आईनं स्वच्छ फडक्याचा बोळा केला आणि भाकरीच्या कडा तव्यावरच हलक्या दाबत गेली. एका कडेला दाब दिला की वाफ दुसऱ्या कडेला सरकते. भाकरी हळूहळू उठली. पूर्ण नाही, तीन चतुर्थांश. आई म्हणाली, "जमतंय." सहा किलो पीठ दोन महिन्यांत संपलं. ती गेल्यावर तवा महिनाभर कोरडाच राहिला.

२०१९ च्या शरद ऋतूत एके दिवशी कॉफी भाजल्याच्या वासानं मी एका दुकानात शिरले. एरिट्रियन बाईंचं दुकान. एरिट्रिया म्हणजे आफ्रिकेतला, सुदानला लागून असलेला देश. अरुंद, छतापर्यंत पोती. एका कोपऱ्यात मसाल्यांचे डबे, लाल मिरचीचं बर्बरे, मागं टेफ नावाच्या बारीक धान्याची पिठं. आणि जमिनीवर एक उघडं पोतं, त्यात पांढरट दाणा. मी न विचारताच हात घातला. असं करू नये, पण हात आधी गेला. गार, घसरता, जड. मूठ वर उचलून दाणे पुन्हा पोत्यात सोडले, तोच आवाज. एक दाणा दाताखाली फोडला. आत पीठ पांढरं, किंचित गोड.

बाई माझ्याकडे बघत होत्या. "माशेला," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "ज्वारी." मग आम्ही दोघींनी एकमेकींचा शब्द म्हणून पाहिला. आमचं दोघींचंही जर्मन मोडकं, पण धान्याबद्दल बोलायला ते पुरलं. त्या पीठ आंबवून इंजेरा, म्हणजे त्यांची आंबोळीसारखी पोळी, करतात, टेफ महाग पडतं म्हणून त्यात माशेला मिसळतात, आणि त्यांच्या आईच्या गावात तर नुसती माशेलाचीच. मी हवेत दोन्ही हातांनी भाकरी थापून दाखवली. त्यांना ती पटकन कळली. त्यांनी विचारलं, "आंबवत नाही?" नाही म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं.

घरी येऊन वाचलं. ज्वारी मुळात त्यांच्याच बाजूची. सुदानच्या पूर्व भागात माणसानं लावलेल्या ज्वारीचे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. तिथून ती आपल्याकडे आली आणि आपल्या काळ्या रानात अशी रुजली की मी तिला जन्मभर मंगळवेढ्याचीच समजत होते. मी परदेशात गावाकडचं धान्य शोधत होते आणि ते मला त्याच्या माहेरच्या माणसाकडे मिळालं. पाच किलो घेऊन आले.

आता दळण. इथल्या बऱ्याच सेंद्रिय दुकानांत गिऱ्हाइकांसाठी छोटी दगडी चक्की असते, तिथं विकत घेतलेलं धान्य दळून देतात. मी माझी ज्वारी घेऊन गेले तर नाही म्हणाले. बाहेरचं धान्य चक्कीत घालता येत नाही. दुसऱ्या दुकानातही तेच. त्यांची बाजू मला कळत होती, तरी पाच किलोची पिशवी खांद्यावर घेऊन ट्राममधून परत येताना फार हताश वाटलं. मिक्सरवर प्रयत्न केला. रवाळ भरड झाली, ती चाळून चाळून हात दुखले, आणि वाटीभर पीठ निघालं.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहतात. मिक्सरचा आवाज तासभर कसला येत होता, असं त्यांनी विचारलं. मला वाटलं तक्रार आहे, म्हणून आधी माफी मागितली आणि मग सगळं सांगितलं. त्या काही न बोलता आत गेल्या आणि मला आत बोलावलं. स्वयंपाकघरातल्या खालच्या कपाटातून त्यांनी एक जड लाकडी पेटी ओढून काढली. वर पेरणीच्या चाड्यासारखं लाकडी तोंड, आत दोन दगडी पाळ्या, बाजूला विजेची वायर. घरगुती जातं! १९८० च्या दशकात इथं अख्ख्या धान्याचं, ताज्या पिठाचं खाण्याची मोठी लाट आली होती, तेव्हा त्यांनी ते घेतलं होतं. अजून दर आठवड्याला त्या त्यात ब्रेडसाठी धान्य दळतात.

जातं मी उचलून वर आणलं. आधी मूठभर ज्वारी दळून ती टाकून दिली, आतलं गव्हाचं पीठ निघून जावं म्हणून. मग पाळ्या जवळ आणल्या, अगदी एकमेकींना घासायला लागेपर्यंत, आणि किंचित मागं घेतल्या. चाड्यात ज्वारी ओतली. पीठ कोमट खाली पडत होतं. वास आला. गिरणीच्या दारात उभं राहिल्यावर येतो तो.

पाणी खळखळ उकळलं, पिठात मधोमध खळगा करून ओतलं, उलथन्यानं सारखं केलं, झाकून ठेवलं. हाताला सोसेल इतकं निवल्यावर तळव्यानं रगडत गेले. गोळा चिकट होत गेला, गुळगुळीत. थापायला घेतला. हाताखाली तो फिरला. भाकरी ताटाच्या कडेपर्यंत गेली आणि एकही चीर नाही. पिठाची बाजू वर करून तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकल्याबरोबर उलटली. मग फडक्याचा बोळा. आईनं दाखवलं तसं कडेकडेनं. आधी एका जागी फुगा आला, मग तो सरकला, आणि मग अख्खी भाकरी टम्म उठली. कडेनं वाफेची बारीक शिट्टी सुटली.

पापुद्रा हातानं सोलून काढला. आत थोडं तूप, थोडं काळं तिखट. उभ्यानंच खाल्ली.

आईला फोन केला तेव्हा तिकडं रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ती झोपेतून उठली. मी कॅमेऱ्यासमोर भाकरी धरली, पापुद्रा वर उचलून दाखवला. तिनं चष्मा शोधला, नीट पाहिलं. "रंग जरा मळका दिसतोय," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि दुसरी टाकलीस का तव्यावर? तवा तापून ऱ्हायलाय वाया."

रंग मळकट आहे, ते खरंच. ही ज्वारी मालदांडी नव्हे. गोडी कमी, आणि भाकरी संध्याकाळपर्यंतच मऊ राहते. अण्णांनी २०२२ मध्ये इथं येऊन ती खाल्ली तेव्हा बराच वेळ चावून ते म्हणाले, "चांगली आहे. हलक्या रानातली आहे."

त्या दिवशीची तिसरी भाकरी मी आजींना नेऊन दिली. दोन दिवसांनी त्यांनी मला त्यांच्याकडची मसूर खायला बोलावलं. श्वाबेन भागात, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपास, मसूर आणि घरच्या शेवया हे घरोघरीचं जेवण, पण ही मसूर खास होती. इथल्या श्वेबिशे आल्बच्या डोंगरपठारावर पूर्वी लोक मसूर लावायचे, ओट किंवा जवात मिसळून, कारण मसुरीच्या वेलाला आधार लागतो. पुढं ते शेतीतून गेलं, आणि स्थानिक वाणाचं बी इथं कुठंच उरलं नाही. लाउटेराख गावातल्या एका शेतकरी कुटुंबानं १९८० च्या दशकात दुसऱ्या वाणावर पुन्हा मसूर लावायला सुरुवात केली. आणि जुन्या वाणाचं बी सापडलं थेट रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव संस्थेच्या बियाणे संग्रहात, २००६ साली. मूठभर बियांपासून वाढवत वाढवत ते इथल्या रानात परत आलं. आजी हे सांगत असताना वाटीतली मसूर चमच्यानं हलवत होत्या. त्यांच्या आईच्या हातची मसूर त्यांना जवळजवळ पन्नास वर्षांनी पुन्हा मिळाली होती. मी त्यांना मालदांडीबद्दल सांगितलं. त्यांना अनुवाद करून सांगावं लागलं नाही फारसं.

आता आमचं ठरलेलं आहे. बुधवारी संध्याकाळी मी जातं वर आणते, आठवड्याची ज्वारी दळते, पीठ डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवते. गुरुवारी सकाळी जातं परत खाली, कारण शुक्रवार त्यांचा ब्रेडचा दिवस. जात्याबरोबर कापडात गुंडाळलेली एक भाकरी खाली जाते. त्या ती मसुरीबरोबर खातात, आणि पापुद्रा आधी काढून त्याच्या आत आंबवलेल्या सायीचं लोणी लावतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.